जन्मतारीख, वेळ आणि ठिकाणावरून लग्नरास कशी काढतात? दोन ॲप दोन वेगळ्या राशी का दाखवतात?

तुम्ही दिलेली माहिती अशी: जन्म १० जून १९९५, सकाळी १०:४५, पुणे. एका ॲपवर लग्न कर्क येतंय आणि दुसऱ्यावर सिंह, आणि घरचे म्हणतात तुझी रास वेगळीच आहे. घरच्यांचं आधी सोडा, ते चंद्ररास सांगत असणार. आपल्याकडे नुसतं "रास काय?" विचारलं की ती चंद्राचीच असते, लग्नाशी तिचा संबंध नाही.

लग्न म्हणजे जन्माच्या क्षणाला पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते ती. भविष्य खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवा, लग्न काढणं हे निव्वळ गणित आहे. बारा राशी चोवीस तासांत उगवतात म्हणून सगळे "दर दोन तासाला लग्न बदलतं" असं ठोकून देतात, पण ती सरासरी झाली. पुण्याच्या अक्षांशावर मीन रास जेमतेम १ तास ३५ मिनिटांत उगवून मोकळी होते आणि कर्क, वृश्चिक यांना सव्वादोन तासांच्या आसपास लागतात.

घरच्या घरी पडताळायची सोपी पद्धत सांगतो, जुने लोक इष्ट घटी-पळं (सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ, जुन्या मापात) मांडून हेच करायचे. सूर्योदयाला जी सूर्याची रास तेच लग्न, कारण त्यावेळी सूर्यच क्षितिजावर असतो ना. तुमच्या दिवशी सूर्य वृषभेत साधारण २५ अंशांवर होता आणि पुण्यात सूर्योदय सहाच्या सुमारास. म्हणजे वृषभेचे पाचच अंश उरले, ते वीस-बावीस मिनिटांत संपले आणि ६:२३ च्या आसपास मिथुन सुरू झालं. मिथुनला २ तास १२ मिनिटं, म्हणजे ८:३५ पर्यंत. तिथून कर्क, २ तास १३ मिनिटं, म्हणजे १०:४८ पर्यंत. आता तुमची वेळ बघा, १०:४५! कर्क संपायला तीन मिनिटं बाकी. सगळा घोळ इथेच आहे.

नीट गणिताने करायचं तर सांपातिक काल काढावा लागतो, म्हणजे ताऱ्यांचं घड्याळ. त्या दिवशी ग्रीनिचला मध्यरात्री (आपल्याकडे पहाटे साडेपाच) तो १७ तास १२ मिनिटं होता. तिथून १०:४५ पर्यंत सव्वापाच तास, त्यात जेमतेम एक मिनिटाची दुरुस्ती, मग पुण्याच्या रेखांशाचे ४ तास ५५ मिनिटं मिळवा आणि २४ वजा करा, की ३ तास २३ मिनिटं येतात. हा आकडा आणि पुण्याचा अक्षांश साडेअठरा घेऊन लग्नसारणीत बघितलं (किंवा त्रिकोणमितीचं सूत्र लावलं) की सायन लग्न, म्हणजे ऋतूंशी जोडलेल्या पाश्चात्त्य राशिचक्रावरचं लग्न, मिळतं १४३ अंश ५ कला (६० कलांचा एक अंश). अयनांश म्हणजे ते चक्र आणि ताऱ्यांवरून मोजलेलं आपलं राशिचक्र यांच्या आरंभातलं अंतर, आणि लाहिरी हा त्यातला आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा आकडा. त्यातून त्या वर्षीचा लाहिरी अयनांश २३ अंश ४७ कला वजा केला की उरतात ११९ अंश १८ कला. दर रास ३० अंशांची, तीन राशी गेल्या ९० अंशांत, म्हणजे कर्क २९ अंश १८ कला. झालं. पत्रिकेत सगळ्यात वरच्या मधल्या घरात ४ आकडा येईल, तो घराचा नंबर नाही, राशीचा आहे, यात भलेभले गोंधळतात.

मग दुसरं ॲप सिंह का म्हणतंय? नुसती रास बघू नका, अंश बघा, उत्तर तिथेच सापडेल. सिंह २३ अंश दाखवत असेल तर ते पाश्चात्त्य सायन पद्धतीचं ॲप आहे, अयनांश वजाच केलेला नाही. सिंह ३ अंशांच्या आसपास असेल तर अयनांश वेगळा धरलाय, आपल्याकडे टिळक पंचांगवाले रैवत पक्ष (रेवती ताऱ्यापासून राशी मोजण्याची पद्धत) मानतात, त्यांचा अयनांश लाहिरीपेक्षा साधारण ४ अंशांनी कमी असतो. आणि साधारण पावणेपाच अंश दिसले तर ठिकाण तपासा, कारण याच तारखेला याच वेळेला नागपूरला सिंह लग्न येतं! पुणे आणि नागपूरच्या रेखांशात सव्वापाच अंशांचा फरक आहे, म्हणजे स्थानिक वेळेत जवळपास २१ मिनिटं. काही ॲपमध्ये गावाचं नाव सापडलं नाही की लोक बिनधास्त जवळचं मोठं शहर टाकतात, तुमच्यासारख्या काठावरच्या केसमध्ये ते चालत नाही.

आजी-आजोबांची पत्रिका करणार असाल तर अजून एक भानगड आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे भारताची घड्याळं एक तास पुढे होती. आणि मुंबईत १९५५ पर्यंत बॉम्बे टाइम वापरात होता, तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. त्या काळातला मुंबईचा जन्म असेल तर कागदावर लिहिलेली वेळ कुठल्या घड्याळाची हे आधी विचारा, सगळं सॉफ्टवेअर हे आपोआप धरेलच असं नाही.

तुमच्या बाबतीत ॲप बदलत बसण्यात अर्थ नाही, वेळ पक्की करा. १०:४५ हा आकडाच मला संशयास्पद वाटतो, नर्सने घड्याळाकडे बघून पावणेअकरा लिहून टाकलं असणार. जन्मदाखल्यावर सहसा वेळ नसते, हॉस्पिटलचा केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड मिळतंय का बघा, आईला विचारा. आणि वेळ म्हणजे नेमकी कुठली हेही बघा, बहुतेक ज्योतिषी बाळाचं पहिलं रडणं धरतात, कागदावर मात्र दोन-चार मिनिटं उशिराची नोंद असू शकते. तसं असेल तर खरी वेळ १०:४५ च्या आधीची आणि कर्क अजून पक्कं होतं. उलट घड्याळ मागे असेल तर सिंह.

तोवर एक करा, १०:४० आणि १०:५० अशा दोन पत्रिका काढून ठेवा. ज्योतिषाकडे गेलात तर दोन्ही दाखवा आणि "सर, दोन्हीतलं कुठलं आणि का" असं स्पष्ट विचारा. कर्केचा शेवट म्हणजे आश्लेषेचा शेवट, त्याला गंडांत म्हणतात, ज्योतिषात तो अशुभ सांधा मानतात, त्यामुळे एखादा लगेच शांतीचं बजेट काढेल. वेळ पक्की होईपर्यंत त्याला हो म्हणू नका.