पानगळीत प्राणी बघायचे तर आधी फळं कुठे आहेत ते विचारा

सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान थंड हवामानाच्या प्रदेशात पानगळ बघायला जायचं, रोज थोडं चालायचं आणि जमलं तर प्राणी-पक्षीही बघायचे, असा तुमचा बेत आहे. जागा आणि वेळ कशी निवडायची हे विचारलंत. 'त्या दिवसांत जंगलात काही नसतं' असं कुणीतरी सांगितल्याचंही लिहिलंत. आधी तेच घेते, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. वीण नुकतीच संपलेली असते, त्या वर्षीची पिल्लं उडू-हिंडू लागलेली असतात, त्यामुळे पक्ष्यांची संख्या वर्षभरात सर्वांत जास्त असते ती याच सुमारास. फक्त त्यांचं गाणं थांबलेलं असतं, म्हणून कानाला जंगल रिकामं वाटतं.

रंगांच्या तारखा सांगणारे नकाशे जरूर बघा, पण सगळा बेत त्यांच्यावर बांधू नका. पानातलं हरितद्रव्य मोडायला लागलं की आधीपासून दडलेला पिवळा वर येतो. तो बऱ्यापैकी भरवशाचा. लाल मात्र पानात नव्याने तयार होतो आणि त्याला स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, पण न गोठवणाऱ्या रात्री लागतात. ढगाळ आठवडा गेला की लाल फिका. चार महिने आधी काढलेल्या तिकिटाला हे कुठून कळणार?

त्यापेक्षा खाण्याचा माग काढा. या मोसमात बहुतेक प्राण्यांचं एकच काम चालू असतं: हिवाळ्याआधी अंगावर चरबी चढवणं, नाहीतर कुठेतरी साठा करणं. अलास्कातल्या काटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स नदीवर सामन मासे खाऊन अस्वलं इतकी गुबगुबीत होतात, की 2014 पासून तिथे सर्वांत लठ्ठ अस्वल निवडायला लोक ऑनलाइन मतदान करतात. युरोपातला जे नावाचा पक्षी ओकची हजारो फळं जमिनीत पुरून ठेवतो. न खाल्लेल्यांतून नवे ओक उगवतात. पण ओक आणि बीच ही झाडं काही वर्षी लगडतात आणि काही वर्षी जवळजवळ फळतच नाहीत. म्हणून तिथल्या वनरक्षकाला 'प्राणी कुठे दिसतील?' असं विचारण्याऐवजी 'यंदा ओकला फळ कसं आहे, कुठल्या उतारावर पडलंय?' असं विचारा. उत्तर देताना तो माणूस एकदम खुलतो, हा माझा नेहमीचा अनुभव. मग त्या झाडांपासून बऱ्यापैकी लांब, वारा तोंडावर येईल असं बसा. चालण्यापेक्षा बसणाऱ्याला जास्त दिसतं.

याला मोठा अपवाद म्हणजे माजावर आलेली हरणं. युरोपात लाल हरणांचा माज साधारण सप्टेंबर अखेरपासून ऑक्टोबरभर चालतो, आणि तेव्हा नर जवळजवळ खातच नाहीत. डरकाळ्या फोडणं, समोरासमोर ताठ चालत एकमेकांना जोखणं आणि तरीही निकाल लागला नाही तर शिंगं अडकवून झुंजणं, यातच त्यांची शक्ती जाते. उत्तर अमेरिकेतला एल्क, म्हणजे तिथलं मोठं हरीण, डरकाळी फोडत नाही, तो शीळ घालतो; एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून तो बारीक आवाज निघतो यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. दोन्हींसाठी उजाडायच्या आत जागेवर पोचायला हवं.

शिकारी पक्ष्यांसाठी मात्र पहाटे उठू नका. ऊन चढून जमीन तापली की गरम हवेचे झोत वर चढतात, पक्षी त्यात गोल गोल उंच जातात आणि मग पंख फारसे न हलवता पुढे घसरतात. म्हणजे सकाळी दहाच्या पुढे. थंड हवेचा पट्टा सरकून गेल्यावर उत्तरेचा वारा सुटतो, तो दिवस सोडू नका. जॉर्जिया देशातलं बातुमी आणि मेक्सिकोतलं वेराक्रूझ या जागा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. बातुमीवरून एका मोसमात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनच्या कड्यावर एकेकाळी लोक बंदुका घेऊन बसायचे. पक्ष्यांच्या रक्षणासाठी लढणाऱ्या रोझली एज यांनी 1934 मध्ये ती जागाच ताब्यात घेऊन शिकार बंद केली. आता तिथे लोक दुर्बिणी घेऊन बसतात. छोटे गाणारे पक्षी बहुतेक रात्री प्रवास करतात, त्यामुळे ते सकाळी झुडपांत अधाशासारखे खाताना सापडतील.

अंतराचा मुद्दा थोडा ताणून सांगते, कारण फोनवाले पाहुणे इथेच सगळा घोळ घालतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वल आणि लांडग्यापासून किमान 91 मीटर, बाकीच्या बहुतेक प्राण्यांपासून 23 मीटर असा नियम आहे; लंडनच्या रिचमंड पार्कात हरणांपासून 50 मीटर लांब राहायला सांगतात. माजातल्या नराशी मी त्याहूनही लांब राहीन. हे फक्त आपल्या जिवासाठी नाही. 2022 मध्ये गॉडविट जातीचा एक पाणपक्षी, जेमतेम पाच महिन्यांचा, अलास्काहून टास्मानियापर्यंत 11 दिवसांत 13,560 किलोमीटर न थांबता उडाला. अशा उड्डाणाआधी किनाऱ्यावर पोट भरणाऱ्या थव्याला फोटोसाठी उडवून लावलं, तर त्याची तितकी चरबी फुकट जाते. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणंही त्याच कारणाने नको.

बाकी काळज्या थोडक्यात. मध्यम अक्षांशांवर या दिवसांत दिवस रोज सुमारे तीन मिनिटांनी आखडतो, म्हणजे आठवड्याभरात वीसेक मिनिटं गेली. परतीची वेळ त्याप्रमाणे ठरवा आणि डोक्याला लावायचा दिवा दुपारच्या चालण्यातही बरोबर ठेवा. सुती कपडे घामाने ओले झाले की वाळत नाहीत आणि थंडी भरते, म्हणून लोकर किंवा सिंथेटिकचे दोन-तीन थर घाला. ओल्या पानांखाली दगड आणि मुळं दिसत नाहीत. अनेक देशांत हाच शिकारीचा मोसम असतो, तेव्हा कुठल्या भागात परवानगी आहे ते विचारून घ्या आणि भडक नारिंगी जाकीट घाला. संध्याकाळी गोचीड तपासा. थंडी पडली म्हणून त्या गेल्या असं समजू नका. आणि जंगलातली अळिंबी कितीही देखणी दिसली तरी तोंडात घालू नका. 'डेथ कॅप' नावाच्या अळिंबीचा त्रास सहा ते बारा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, तोवर विष अंगात भिनलेलं असतं.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं असलेली. 10× मध्ये मोठं दिसतं खरं, पण हात थरथरला की चित्रही जास्त थरथरतं आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तेवढ्याच भिंगाच्या 10× पेक्षा 8× मधून जास्त उजळ दिसतं. कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स नसेल तर ती या प्रवासासाठी मुद्दाम विकत घेऊ नका. ते पैसे एखाद्या चांगल्या स्थानिक वाटाड्याच्या दोन दिवसांवर खर्च करा.