सेटपॉइंटला हात लावण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

इमारतीच्या एसीच्या प्लांट रूममध्ये नोकरी लागली, बरं झालं. उकाडा, आवाज आणि रात्रपाळी यांची सवय होईल. कानात प्लग मात्र पहिल्या दिवसापासून घाल, ऑपरेटर मंडळी हसली तरी.

वरून फोन येणार, "सातवा मजला गार होत नाही." अशा वेळी चिलरचा, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राचा, सेटपॉइंट (पाणी किती गार करायचं तो आकडा) सात अंशांवरून सहावर आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. तू आणू नकोस. आधी जाणारं आणि परत येणारं पाणी बघ. सातने गेलेलं बाराने परतलं, तर चिलर आपलं काम करतोय. 500 टनाच्या (टन इथे गारव्याचं माप, वजनाचं नाही) चिलरला या पाच अंशांच्या फरकावर ताशी सुमारे 300 घनमीटर पाणी लागतं. तेवढंच पाणी फिरवून फरक अडीचच पडला, तर गारवा मिळतोय 250 टनांचा आणि पंप मात्र पूर्ण वीज खातोय. म्हणजे पाणी एअर हँडलिंग युनिटमध्ये (मजल्यावर गार हवा सोडणाऱ्या यंत्रात) उष्णता न घेताच परत येतंय. फिल्टर चोंदलाय का, बेल्ट सैल झालाय का, पाण्याला युनिटच्या बाजूने वळवणारा बायपास व्हॉल्व्ह कुणी उघडा टाकलाय का, हे सातव्या मजल्यावर जाऊनच कळतं. खाली बसून स्क्रीनकडे बघत राहिलास तर नाही.

मुंबईत जून आला की दुसरी गंमत. मे महिन्यापेक्षा हवा गार, तरी कूलिंग टॉवर, म्हणजे चिलरची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारा गच्चीवरचा टॉवर, कुरकुरतो. टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानाच्या (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या) खाली जाऊच शकत नाही आणि पावसाळ्यात हे तापमान 27 अंशांच्या आसपास असतं. टॉवरमधून 31 चं पाणी येत असेल तर त्याला शिव्या देऊ नकोस. तेच पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी आलं, तर गच्चीवर जा. नोझल तुंबलेत का, पंख्याचा बेल्ट घसरतोय का, बघ.

कंडेन्सरचं (चिलरमधला गॅस जिथे उष्णता पाण्याला देऊन द्रव होतो त्या भागाचं) बाहेर पडणारं पाणी आणि गॅसचं कंडेन्सिंग तापमान यांतला फरक रोज, साधारण सारख्याच लोडवर, लॉगबुकात लिही. ट्यूब स्वच्छ असताना तो एक-दोन अंश असतो. महिन्या-दोन महिन्यांत चारवर सरकला तर आत क्षार साचलेत, ब्रश मारायला सांग. नुसत्या एका दिवसाच्या आकड्यावरून हे दिसत नाही. म्हणून "कालच्यासारखंच" म्हणून कालचे आकडे उतरवणाऱ्याशी भांड, तो वयाने मोठा असला तरी.

आणि फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहायचं थांबलं की चिलर बंद करणारा स्विच. "सारखा ट्रिप होतो" म्हणून तो वायर टाकून शॉर्ट करून ठेवलेला तुला कुठे ना कुठे सापडेल. तसा दिसला तर चिलर चालू करू नकोस, मॅनेजर कितीही ओरडू दे. पाणी वाहत नसताना कॉम्प्रेसर फिरला की इव्हॅपोरेटरमधलं (गॅस जिथे पाणी गार करतो तिथलं) पाणी गोठतं, ट्यूब फुटतात, पाणी गॅसच्या बाजूला शिरतं आणि कॉम्प्रेसरही जातो. स्विच खरंच खराब असेल तर बदलायचा. पण बहुतेक वेळा पंपाच्या तोंडचा स्ट्रेनर (गाळणी) चोंदलेला असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे दाबाचे गेज बघितलेस की दोन मिनिटांत कळेल.

पहिल्या आठवड्याचं लॉगबुक फोटो काढून पाठव. गार पाण्याची आणि कंडेन्सरच्या पाण्याची, जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्हींची, अशी चारही तापमानं आणि वेट बल्ब हवाच. रविवारी बघून फोन करतो.