किनारीचा सांधा शोधा

प्रश्न: ताई, मला जुन्या इंग्लिश ट्रान्सफरवेअर, म्हणजे कागदावरून चित्र उतरवलेल्या चिनीमातीच्या प्लेट्सचा नुकताच नाद लागलाय. निळी विलो पॅटर्नची (विलोचं झाड, पूल असं चिनी धाटणीचं चित्र) एक प्लेट घेतली, विकणारा म्हणाला 1800 च्या आसपासची आहे, पण मागे 'मेड इन इंग्लंड' छापलंय. काय समजू? आणि तिच्यावरचे तपकिरी डाग ब्लीचने काढू का?

उत्तर: नाही हो, 1800 ची नाही ती. 1891 पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालायची सक्ती झाली, तेव्हापासून 'इंग्लंड' सर्रास दिसायला लागलं, आणि 'मेड इन इंग्लंड' तर बहुतेक करून 20व्या शतकातलंच. मागे पतंगासारखा चौकोनी शिक्का असेल तर ते डिझाइन 1842 ते 1883 मध्ये नोंदवलेलं, पण लक्षात घ्या, ही तारीख डिझाइनची, प्लेट नंतरचीही असू शकते.

खूप जुन्या प्लेट्सवर शिक्काच नसतो, म्हणून मी आधी किनार बघते. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात रंग भरून पातळ कागदावर उतरवायचं, मग तो कागद कापून प्लेटवर घासून बसवायचा आणि पाण्याने धुऊन काढायचा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या भांड्यांच्या कारखान्यांत हे कापायचं-बसवायचं काम बहुतेक बायका आणि मुली करायच्या. किनारीची पट्टी गोल फिरवून आणली की शेवटी टोकं नीट जुळत नाहीत, एखादं फूल अर्ध्यातच कापलं जातं आणि त्याला चिकटून भलतंच पान येतं. तो सांधा सापडला की मला त्या बाईचा हातच दिसतो, खरंच. सांध्यावरून वय कळत नाही, पण कागदाने हाताने छापलेली आहे हे कळतं. तुमच्या प्लेटवर शोधून बघा, असेल तर नंतरची असली तरी जपून ठेवण्यासारखी आहे.

ब्लीच मात्र अजिबात नको! डाग ग्लेझच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, बारीक चिरांतून आत गेलेला असतो, ब्लीचही तिथेच शिरतं, आत क्षार राहतात आणि ते सुकून फुगले की ग्लेझ सुटायला लागतं. माझी एक हिरवी प्लेट अशीच गेली, काही महिन्यांनी कडेचे पोपडे हातात आले, अजून वाईट वाटतं. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, बस. उरलेला डाग राहू दे. आणि जुन्या ग्लेझमध्ये शिसं असतं, त्यामुळे या प्लेट्समध्ये जेवण वाढू नका, आंबट तर नाहीच नाही.