फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन: दोन्ही ‘लोहप्रथिन’च का?

प्रश्न असा आहे: एका आरोग्यपुस्तिकेत फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन या दोन्हींसाठी ‘लोहप्रथिन’ असा एकच शब्द छापलाय. चालेल का?

माझ्या मते नाही. लोहप्रथिन म्हटलं की त्यात हिमोग्लोबिन आलं, स्नायूंतलं मायोग्लोबिनही आलं. शिवाय या दोघांची कामं वेगळी. ट्रान्सफेरिन रक्तातून लोह वाहून नेतं, एका रेणूवर फार तर दोन अणू. त्याला सरळ ‘लोहवाहक प्रथिन’ म्हणावं.

फेरिटिन मुख्यतः पेशीच्या आत असतं. 24 प्रथिनसाखळ्या जुळून झालेली ती पोकळ कणगीच. आत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. म्हणून ‘लोहसंचयी प्रथिन’. नुसत्या साठ्यापुरतं त्याचं काम नाही, हेही खरं. सुटं लोह पेशीत मोकळं राहिलं तर हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होऊन डीएनएलाही इजा करणारी मूलकं (फ्री रॅडिकल्स) तयार होतात. फेरिटिन त्याला कोंडून ठेवतं. पण एका शब्दात सगळंच कोंबायला जाऊ नये. (आणि ‘लोखंड’ तर नकोच. गजात लोखंड, रक्तात लोह.)

पुस्तिकेत पुढे ‘लोहनियंत्रक प्रथिने’ आहेत, तिथे मी ‘लोहनियामक’ लिहीन. नियंत्रणात नुसता लगाम असतो. इथे कमी-जास्त दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. पेशीत लोह कमी पडलं की ही प्रथिनं फेरिटिनच्या संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवण्याची सूचना नेणाऱ्या रेणूच्या) सुरुवातीला जाऊन बसतात, आणि फेरिटिन बनणं थांबतं. ट्रान्सफेरिनला पेशीत घेणाऱ्या ग्राहीच्या (रिसेप्टरच्या) आरएनएवर मात्र तीच प्रथिनं शेपटाकडे बसतात. तो आरएनए मग लवकर तुटत नाही, ग्राही वाढतात, लोह आत येतं. लोह पुरेसं झालं की ती दोन्हींकडून उठतात. त्यांतलं एक तर लोह-गंधकाचा पुंजका धारण करून अकोनिटेज नावाचं विकर (एन्झाइम) होऊन बसतं!

तपासणीच्या रिपोर्टात मात्र ‘फेरिटिन’ हाच शब्द ठेवा, डॉक्टर आणि पेशंट दोघंही तोच वापरतात. फक्त पुस्तिकेत त्याचा अर्थ ‘शरीरातले लोह’ असा देऊ नये. अंगात कुठे दाह (इन्फ्लमेशन) असला तर लोह न वाढताही फेरिटिनचा आकडा चढतो.