जागेवाल्याची शपथ आणि वारसांचा हक्क

प्रश्न : माझं सासर राजापूर तालुक्यात. साडेतीन एकर कलमांची बाग आणि जुनं घर आहे. घराण्याचा नेम असा की जमीन वाटायची नाही, विकायची नाही. प्रत्येक पिढीतल्या थोरल्याने अवसेच्या रात्री जागेवाल्याच्या, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाच्या, धोंड्यापाशी एकट्याने बसायचं, करंगळी कापून रक्त लावायचं आणि गाव न सोडण्याची शपथ घ्यायची. माझे यजमान थोरले, पण नोकरीसाठी डोंबिवलीला आले. गेल्या वर्षी ते हार्ट अटॅकने गेले. सासरचे म्हणतात, शपथ मोडली म्हणून गेले. आता माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने बसावं, नाहीतर वर्षाच्या आत घरातलं आणखी कोणी जाईल, असं भगताने सांगितलंय. दिरांनी पाठवलेल्या स्टॅम्पपेपरवर सही केली नाही, तर गावकी वाळीत टाकेल म्हणतात. काय करू?

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर. मुलाला त्या रात्री धोंड्यापाशी पाठवू नका. तो कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा आहे, आणि वडिलांच्या मागे त्याच्या नैसर्गिक पालक तुम्ही आहात. त्याने कुठे राहायचं, कुठे शिकायचं हे काका किंवा गावकी ठरवू शकत नाही. त्याच्या बोटावर ब्लेड चालवणं ही इजा आहे, हात घरच्याचा असला तरी.

तुम्ही पाठवलेला कागदाचा फोटो मी मोठा करून वाचला. शंभराचा स्टॅम्प, वर कुलदैवताचं नाव, खालच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटलेलं. वरच्या दहा ओळी शपथेच्या आहेत. अकराव्या ओळीत मात्र ‘माझा व माझ्या अज्ञान मुलाचा सर्व हक्क दिरांच्या लाभात सोडून देत आहे’ असं लिहिलंय. मला खरी काळजी या ओळीची वाटते. शपथेच्या भीतीखाली हक्कसोड घेतली जातेय.

नोंदणी न झालेल्या कागदाने स्थावरावरचा हक्क सुटत नाही. उद्या त्यांनी दुय्यम निबंधकाकडे नेऊन नोंदणी करू म्हटलं, तरी मुलाच्या वतीने तुम्हाला ती सही करता येणार नाही. अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकालाही देऊन टाकता येत नाही, आणि एकत्र कुटुंबातल्या त्याच्या अविभक्त हिश्श्याबाबत कायदा आणखी कडक आहे. पण या भरवशावर स्वतःच्या हक्कावर मात्र सही करून बसू नका. तुमचं नाव गेलं की ते परत आणायला वर्षं जातात.

जमीन खरोखर वडिलोपार्जित असेल, तर मुलाचा तिच्यात जन्मापासून हक्क आहे. यजमानांचा जो हिस्सा निघेल तो सासूबाई, तुम्ही आणि मुलगा यांच्याकडे येतो. नेमके हिस्से जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या महसुली नोंदी, पाहिल्यावरच सांगता येतील. तुमच्या पत्रात दोन नणंदांचा उल्लेख ओझरता आलाय. त्यांना विसरू नका. सासरे 2003 मध्ये गेले म्हणून मुलींचा हक्क बुडाला, असं तुमच्या दिरांना कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. मुलींना मुलांइतका हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 रोजी, वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलंय.

‘वाटायची नाही’ हा घराण्याचा नेम न्यायालयात टिकत नाही. हिंदू वारसा कायदा 1956 च्या कलम 4 ने वारशाविषयीच्या अशा विरोधी रूढी बाजूला सारल्या. आणि सासूबाईंना समजावताना हेही सांगा, की विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत, म्हणजे हिंदू कायद्याच्या जुन्या आधारग्रंथात, दायविभाग म्हणजे वारशाच्या वाटणीचं सबंध प्रकरण आहे. वाटणी हे पाप असतं तर ते कशाला लिहिलं असतं?

त्यांच्यावर रागावू नका, ताई. त्या माउलीने मुलगा गमावलाय, आणि तो का गेला याचं एक उत्तर भगताने त्यांच्या हातात ठेवलंय. पण भगताचं ते बोलणं गुन्ह्यात बसतं. अंगात शक्ती असल्याचा भास निर्माण करून, ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं हे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, शिवाय दंड. जागेवाल्याला नारळ ठेवणं, गाऱ्हाणं घालणं याला हा कायदा हात लावत नाही. हा फरक घरात मोकळेपणाने बोला, म्हणजे तुम्ही देवाविरुद्ध उभ्या आहात असं कोणाला वाटणार नाही.

वाळीत टाकण्याला 2017 पासून महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगड-रत्नागिरीकडच्या गावकीचा त्रास किती खोल जातो हे मी पाहिलंय. लग्नाला बोलावणं बंद, मयताला खांदा नाही. म्हणून फोनवरच्या धमक्या, व्हॉट्सअॅपवरचे निरोप पुसू नका. पोलीस ठाण्यात घेतलं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे थेट जाता येतं.

वाटप करताना एक सुचवतो. धोंडा आणि त्याच्याकडे जाणारी वाट कोणाच्याच वाट्याला घालू नका, सामाईक ठेवा आणि पूजेच्या पाळ्या लिहून घ्या. देवाची जागा, विहीर, वाट न वाटण्याची पद्धत जुनीच आहे. माझ्या एका दाव्यात मोजणीदाराची फीत अशाच धोंड्यापाशी अडली होती. सत्तरीच्या आजी पडवीतून उठून आल्या, नारळ ठेवला, पुटपुटत गाऱ्हाणं घातलं आणि म्हणाल्या, ‘आता ओढा.’ त्यानंतर त्या घरात कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही. सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप होतं. नसतील तर दिवाणी न्यायालयात दावा. तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीच्या तुकड्यासाठी ठरवलेल्या किमान, म्हणजे प्रमाणभूत, क्षेत्रात तुमचा हिस्सा बसतो का, हे मात्र आधी बघा.

या आठवड्यात दोन कामं करा. यजमानांच्या मृत्यूचा दाखला जोडून तुमच्या आणि मुलाच्या नावाने वारसनोंदीचा अर्ज द्या. वारसाची वर्दी खरं तर तीन महिन्यांत द्यायची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. दिरांनी हरकत घेतली तर तक्रारी नोंद होऊन मंडळ अधिकारी सुनावणी घेतील. तिथे स्वतः हजर राहा. दुसरं, तो स्टॅम्पपेपर सही न करता स्पीड पोस्टाने परत पाठवा, झेरॉक्स जवळ ठेवून.