सूर्य मावळल्यावर वीज कुठून येते?

प्रश्न : स्पेनमधील एक सौर मनोरा रात्रीही वीज देतो, असे वाचनात आले. ऊन नसताना हे कसे शक्य होते?

उत्तर : आपला रोख सेव्हिल प्रांतातील, २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘हेमासोलार’ केंद्राकडे असावा. तेथे उन्हापासून थेट वीज तयार होत नाही, तर आधी उष्णता साठवली जाते. सुमारे १४० मीटर उंच मनोऱ्याभोवती २,६५० आरसे आहेत. प्रत्येक आरसा दिवसभर इतक्या नेमकेपणाने वळतो की त्याचे तोंड सूर्याकडेही नसते आणि मनोऱ्याकडेही नसते, तर दोहोंच्या बरोबर मधल्या दिशेला असते. तेव्हाच परावर्तित किरण माथ्यावरील नळ्यांवर पडतात. या नळ्यांतून सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट या क्षारांचे वितळलेले मिश्रण वाहते. ते २९० अंश सेल्सिअसवरून ५६५ अंशांपर्यंत तापून टाकीत साठते, आणि गरजेनुसार त्याच उष्णतेने पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवले जाते. टाकी पूर्ण भरलेली असल्यास सुमारे १५ तास उन्हाविना वीजनिर्मिती चालू राहते. आमच्या मते या तंत्राचे खरे मोल या साठवणुकीतच आहे.

अर्थात, हे मिश्रण सांभाळणे सोपे नव्हे. तापमान सुमारे २४० अंशांखाली गेले की ते गोठू लागते, त्यामुळे रात्री माथ्यावरील नळ्या रिकाम्या कराव्या लागतात. शिवाय ढगाळ हवेत साधे सौर पॅनेल थोडी तरी वीज देते. आरशांना मात्र थेट, स्वच्छ ऊनच लागते.