एफटीपीला लॉगिन होतंय पण फाइल्सची लिस्ट येत नाही, कमांड लाइनवरून कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की पासवर्ड घेतो, लॉगिन होतं आणि मग एलएस (फाइल्सची लिस्ट मागायची कमांड) मारलं की तिथेच लटकतं. म्हणजे पासवर्डच्या मागे लागू नका, तो बरोबर आहे. एफटीपीत (फाइल्स पाठवायच्या-घ्यायच्या या पद्धतीत) दोन कनेक्शन असतात, २१ नंबरच्या पोर्टवर नुसतं बोलणं चालतं आणि फाइल असो की लिस्ट, ती दुसऱ्याच कनेक्शनवरून येते. तुमचं ते दुसरं जुळत नाहीये.

आधी एक सांगा, विंडोजमधला एफटीपी कमांड वापरताय का? तो पॅसिव्ह मोड (ज्यात दुसरं कनेक्शनही तुमच्याच बाजूने सुरू होतं) करतच नाही, सर्व्हरलाच तुमच्याकडे उलट कनेक्शन करायला लावतो आणि ते तुमच्या राउटरवर नाहीतर फायरवॉलवर अडतं. मग दुसरा क्लायंट (एफटीपीला जोडणारा प्रोग्राम) घ्या, विषय संपला.

तसं नसेल तर टेलनेट उघडा (कुठल्याही पोर्टला जोडून हाताने कमांड टाइप करायचा प्रोग्राम; विंडोजमध्ये ते बंद असतं, फीचर्समधून चालू करावं लागतं) आणि सर्व्हरच्या नावापुढे २१ टाका. २२० ची ओळ आली की यूझर आणि पास या कमांड हाताने टाइप करा, ३३१ आणि मग २३० येईल, त्यानंतर पीएएसव्ही (पॅसिव्ह मोड मागायची कमांड) टाइप करून एंटर मारा. २२७ ची ओळ येते, कंसात सहा आकडे, समजा १९२,१६८,१,४०,१९५,१४९. पहिले चार म्हणजे आयपी, आणि पाचव्याला २५६ ने गुणून सहावा मिळवला की पोर्ट, इथे ५००६९. बघा, सर्व्हर त्याच्या ऑफिसच्या आतला पत्ता तुम्हाला देतोय, बाहेरून तिथे पोचणार कसं! माझे दोन दिवस नेमके यातच गेले, रोज रात्री जाणारी बिलांची फाइल अडकलेली आणि मी आपला पासवर्ड बदलत बसलो, ही एक ओळ वाचलीच नव्हती. सर्व्हरवर व्हीएसएफटीपीडी (लिनक्सवरचा एफटीपी सर्व्हर) असेल तर त्याच्या कॉन्फिगमधल्या पीएएसव्ही ॲड्रेसमध्ये बाहेरचा आयपी टाकला की काम होतं.

पत्ता बरोबर असेल तर लगेच दुसऱ्या खिडकीतून त्याच पत्त्यावर त्या पोर्टला टेलनेट करा. कनेक्ट झालं तर पोर्ट उघडा आहे, नुसतं लटकलं तर मधे फायरवॉल आहे आणि कॉन्फिगमध्ये पीएएसव्ही मिन पोर्ट, मॅक्स पोर्ट ठरवून तेवढी रेंज उघडावी लागेल, नुसतं २१ उघडून भागत नाही.

कर्लने (कमांड लाइनवरून फाइल आणायचा प्रोग्राम) एवढ्यात खात्री करू नका. ते आधी ईपीएसव्ही (पीएएसव्हीचाच नवा प्रकार) विचारतं, त्याच्या उत्तरात फक्त पोर्ट असतो, पत्ता नसतोच, त्यामुळे कर्लला लिस्ट मिळते आणि बाकीचे क्लायंट अडकतात.

आणि हो, टेलनेटमधून पासवर्ड उघडाच जातो, साध्या एफटीपीतही तसाच जातो, त्यामुळे सर्व्हर तुमच्या हातात असेल तर एसएफटीपीवर (एसएसएचवरून चालणारी सुरक्षित पद्धत) जा, सगळं २२ नंबरच्या एकाच पोर्टवरून जातं, ही दुसऱ्या कनेक्शनची भानगडच राहत नाही. तोवर तुमची २२७ ची ओळ इथे टाका, पब्लिक आयपी असेल तर त्या आयपीचे शेवटचे दोन आकडे झाकून.